एमी नोएथर

अमाली एमी नोएथर (जन्म : एर्लांगेन, बव्हेरिया, २३ मार्च १८८२, मृत्यू : ब्रिन मॉर, पेनसिल्व्हेनिया, १४ एप्रिल १९३५) या जर्मन गणितज्ञ होत्या. अमूर्त बीजगणिताच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव मुख्यतः नोएथर प्रमेयामुळे परिचित असते. निसर्गनियमांमध्ये जेथे संतत सममिती आढळते, तेथे तिच्याशी निगडित अशी एक राशी कायम राहते, असा या प्रमेयाचा आशय आहे. ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग आणि विद्युतभार यांच्या अक्षय्यतेचे नियम वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी हाती आले होते. ते एकाच तत्त्वाची रूपे आहेत, हे या प्रमेयाने दाखवून दिले. ज्या विद्यापीठात नोएथर यांनी हे संशोधन केले, तेथे त्या वेळी त्यांना स्वतःच्या नावाने वर्ग घेण्याचा अधिकार नव्हता.

बालपण आणि शिक्षण

एमी यांचे वडील माक्स नोएथर हे एर्लांगेन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. बैजिक भूमितीतील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. आई इडा या कोलोन येथील सधन ज्यू व्यापारी कुटुंबातील होत्या. एमी हे या दांपत्याचे पहिले अपत्य. त्यांच्या पाठीवर तीन भाऊ झाले. त्यांपैकी फ्रिट्झ हेही पुढे गणितज्ञ झाले.

त्या काळी मध्यमवर्गीय जर्मन मुलींचे शिक्षण भाषा, संगीत आणि गृहकृत्ये यांपुरते मर्यादित असे. विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारी शाळा मुलींसाठी नव्हती. एमी यांनीही नेहमीचाच मार्ग धरला आणि १९०० मध्ये मुलींच्या शाळांत फ्रेंच व इंग्रजी शिकवण्याची पात्रता देणारी परीक्षा उत्तीर्ण केली. त्यांना शिक्षिकेची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र ती न पत्करता एर्लांगेन विद्यापीठात गणिताची व्याख्याने ऐकण्याचे ठरवले. स्त्रियांना तेथे विद्यार्थी म्हणून नाव नोंदवता येत नसे. प्रत्येक प्राध्यापकाची स्वतंत्र परवानगी घेऊन केवळ श्रोता म्हणून वर्गात बसता येई. त्या वर्षी विद्यापीठातील ९८६ विद्यार्थ्यांमध्ये स्त्रिया अवघ्या दोन होत्या.

जुलै १९०३ मध्ये त्यांनी न्यूरेंबर्ग येथे विद्यापीठ-प्रवेशासाठी आवश्यक असलेली शालान्त परीक्षा बाहेरून दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. त्यानंतरचे एक सत्र त्यांनी ग्योटिंगेन विद्यापीठात काढले. तेथे डाव्हिड हिल्बर्ट, फेलिक्स क्लाइन, हेर्मान मिंकोव्स्की आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांची व्याख्याने त्यांना ऐकायला मिळाली. दरम्यान बव्हेरियातील विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश देण्यास आरंभ केला होता. त्यामुळे १९०४ मध्ये त्या एर्लांगेनला परतल्या आणि त्यांनी गणिताच्या विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवले.

पाउल गोर्डान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय निश्चल राशींचा सिद्धांत हा होता. एखाद्या बैजिक राशीतील चले ठरावीक रीतीने बदलली, तरी तिच्याशी संबंधित ज्या राशी बदलत नाहीत त्यांना निश्चल राशी म्हणतात. गोर्डान हे आकडेमोडीत मुरलेले गणितज्ञ होते. त्यांच्या पद्धतीला अनुसरून नोएथर यांनी ३३१ राशींची यादी प्रबंधात दिली. पुढे त्यांनी स्वतःच हे काम कमी प्रतीचे ठरवले. काय बदलले असता काय कायम राहते, हा प्रश्न मात्र तेव्हापासून त्यांच्या संशोधनात सतत राहिला.

वेतनाविना सात वर्षे

डॉक्टरेटनंतर १९०८ ते १९१५ या काळात नोएथर यांनी एर्लांगेनच्या गणित संस्थेत काम केले. या कामाचे वेतन त्यांना मिळत नव्हते आणि कोणतेही अधिकृत पदही नव्हते. वडिलांची प्रकृती बिघडली की त्यांचे वर्ग एमी घेत. १९११ मध्ये एर्न्स्ट फिशर एर्लांगेनला आले. त्यांच्याशी झालेल्या चर्चांमधून नोएथर हिल्बर्ट यांच्या विचारपद्धतीकडे वळल्या. प्रत्यक्ष सूत्रे मांडत बसण्यापेक्षा त्या सूत्रांमागील रचना शोधावी, हा त्या पद्धतीचा गाभा होता. पुढील सर्व संशोधनात त्यांनी हीच दिशा ठेवली.

ग्योटिंगेन येथील संघर्ष

१९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी नोएथर यांना ग्योटिंगेनला बोलावून घेतले. दोघेही त्या वेळी आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात गुंतले होते आणि निश्चल राशींच्या सिद्धांतातील तज्ज्ञाची त्यांना गरज होती. त्या ग्योटिंगेनला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या आईचे निधन झाले.

जर्मन विद्यापीठांत अध्यापनाचा अधिकार मिळण्यासाठी डॉक्टरेटनंतर आणखी एक पात्रता सिद्ध करावी लागे. ग्योटिंगेन हे प्रशियाच्या अखत्यारीत होते आणि १९०८ च्या सरकारी आदेशानुसार ही पात्रता स्त्रियांना मिळू शकत नव्हती. हिल्बर्ट व क्लाइन यांनी नोएथर यांच्यासाठी अपवाद करावा, अशी मागणी केली. गणित विभाग तेव्हा तत्त्वज्ञान विद्याशाखेत मोडत असे आणि त्या शाखेतील भाषा व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनी या मागणीला विरोध केला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना एका स्त्रीकडून शिकावे लागेल, आणि आज व्याख्याती झालेली स्त्री उद्या प्राध्यापक होऊन विद्यापीठाच्या अधिसभेत बसेल, असे त्यांचे आक्षेप होते. उमेदवाराचे स्त्री असणे हा आक्षेपाचा मुद्दाच होऊ शकत नाही, अशी भूमिका हिल्बर्ट यांनी घेतली. विद्यापीठ म्हणजे काही सार्वजनिक स्नानगृह नव्हे, असे त्यांनी सुनावल्याचे सांगितले जाते. तरीही अर्ज मंजूर झाला नाही.

यावर हिल्बर्ट यांनी एक तोड काढली. १९१६-१७ च्या हिवाळी सत्राच्या वेळापत्रकात निश्चल राशींच्या सिद्धांतावरील व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावावर दाखवण्यात आली आणि डॉ. नोएथर यांचा उल्लेख साहाय्यक म्हणून करण्यात आला. या कामाचेही वेतन नव्हते. त्यांचा निर्वाह घरून येणाऱ्या पैशांवर चाले.

ऊर्जेचा प्रश्न

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची क्षेत्रसमीकरणे मांडली. त्याच सुमारास हिल्बर्ट यांनी चलनकलनाच्या मार्गाने तोच विषय हाताळला. मात्र या नव्या सिद्धांतात एक अडचण जाणवू लागली. न्यूटनच्या यामिकीत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम गतीच्या समीकरणांतून सिद्ध होतो आणि वस्तूंच्या वर्तनाविषयी काही ठोस सांगतो. व्यापक सापेक्षता सिद्धांतात मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेचे विधान एखाद्या नित्यसमानतेसारखे आपोआप हाती येते, असे क्लाइन आणि हिल्बर्ट यांच्या लक्षात आले. मग या विधानाला भौतिक अर्थ तरी काय उरतो? ऊर्जेची अक्षय्यता हा भौतिकशास्त्राचा एक आधारस्तंभ होता आणि नव्या सिद्धांतात तो डळमळीत दिसत होता. या प्रश्नाचा छडा लावण्याचे काम नोएथर यांच्याकडे आले.

त्यांनी केवळ गुरुत्वाकर्षणाचा विचार न करता प्रश्न अधिक व्यापक केला. चलनकलनाने मांडता येईल अशा कोणत्याही सिद्धांतात सममिती असेल, तर त्यातून काय निष्पन्न होते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांनी दोन प्रमेये सिद्ध केली. २६ जुलै १९१८ रोजी हा निबंध ग्योटिंगेनच्या विज्ञान संस्थेपुढे सादर झाला. नोएथर संस्थेच्या सदस्य नसल्यामुळे तो क्लाइन यांनी मांडला.

नोएथर प्रमेयाचा आशय

विद्यापीठात यामिकी शिकताना विद्यार्थी बलाच्या भाषेकडून क्रियेच्या भाषेकडे वळतो. वस्तूची गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा या राशीला साध्या यामिकीत लॅग्रांजियन म्हणतात. या राशीची प्रारंभापासून अंतापर्यंतच्या काळात बेरीज केली, म्हणजेच तिचे काळाच्या संदर्भात संकलन केले, की त्या मार्गाची क्रिया मिळते. वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे कल्पिता येण्याजोगे मार्ग अगणित असतात. त्यांपैकी ज्या मार्गात किंचित बदल केला असता क्रियेत पहिल्या घातापर्यंत फरक पडत नाही, तोच मार्ग वस्तू प्रत्यक्षात अनुसरते. न्यूटनचे नियम, विद्युतचुंबकत्वाची समीकरणे आणि गुरुत्वाकर्षणाची क्षेत्रसमीकरणे ही सर्व या एका तत्त्वातून मांडता येतात. त्यामुळे क्रियेविषयी सिद्ध झालेली गोष्ट या सर्व शाखांना लागू पडते.

नोएथर यांचे पहिले प्रमेय याच भूमीवर उभे आहे. एखादा संतत बदल, म्हणजे हवा तेवढा लहान करता येणारा बदल, केल्यावर क्रिया तशीच राहत असेल, तर गतीच्या समीकरणांनुसार एक विशिष्ट राशी काळानुसार बदलत नाही. ती राशी कोणती, हेही प्रमेयातील सूत्रावरून काढता येते. आजचा प्रयोग उद्या केला तरी नियम तेच राहतात. काळातील या सममितीमुळे ऊर्जा अक्षय्य राहते. प्रयोगशाळा एका जागेवरून दुसरीकडे हलवली तरी नियम बदलत नाहीत. अवकाशातील या सममितीमुळे संवेग अक्षय्य राहतो. सगळी मांडणी एका कोनातून फिरवली तरी नियम तेच राहतात आणि त्यातून कोनीय संवेगाची अक्षय्यता येते.

फेकलेल्या चेंडूचे उदाहरण घेता येईल. हवेचा रोध नाही असे मानू. लॅग्रांजियनमध्ये चेंडूची उंची येते, कारण स्थितिज ऊर्जा उंचीवर अवलंबून असते. आडव्या दिशेतील स्थान मात्र त्यात कोठेच येत नाही. म्हणजे सगळा प्रयोग आडव्या दिशेत सरकवला तरी काही फरक पडत नाही. त्यामुळे चेंडूचा आडवा संवेग कायम राहतो. उभ्या दिशेत ही सममिती नाही, म्हणून उभा संवेग क्षणाक्षणाला बदलतो. लॅग्रांजियनमध्ये काळ स्वतंत्रपणे येत नाही, म्हणून एकूण ऊर्जा कायम राहते. शाळेत हे तीन निष्कर्ष तीन वेगळ्या रीतींनी काढले जातात. येथे तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : काय बदलले असता काही बदलत नाही?

प्रमेयाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. आरशातील प्रतिमेसारख्या सममितीत बदल हवा तेवढा लहान करता येत नाही. अशा सममितीला हे प्रमेय लागू होत नाही. घर्षणामुळे ऊर्जा खर्ची पडणाऱ्या व्यवस्थेचे वर्णन साध्या लॅग्रांजियनने होत नाही. तेथे प्रथम उष्णतेच्या रूपाने निघून जाणारी ऊर्जा हिशेबात धरून संपूर्ण व्यवस्थेचा विचार करावा लागतो.

दुसऱ्या प्रमेयाने हिल्बर्ट व क्लाइन यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले. काही सिद्धांतांतील सममिती ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात वापरता येते. अशा सिद्धांतात क्षेत्रसमीकरणे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र राहत नाहीत. त्यांच्यात काही नित्यसमानता असतात. व्यापक सापेक्षता सिद्धांत याच प्रकारचा आहे. म्हणून तेथील ऊर्जेचे विधान नित्यसमानतेचे रूप घेते. ही सिद्धांतातील चूक नसून त्याच्या सममितीचा अटळ परिणाम आहे. ऊर्जेचा नियम नेहमीच्या अर्थाने कोठे लागू होतो आणि कोठे होत नाही, याचाही उलगडा यातून झाला. प्रसरण पावणाऱ्या विश्वात काळातील सममिती नसते. त्यामुळे दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा वाटेत कमी होते, यात कोणत्याही नियमाचा भंग होत नाही.

अमूर्त बीजगणित

पहिले महायुद्ध संपल्यावर जर्मनीत प्रजासत्ताक आले आणि स्त्रियांच्या नागरी हक्कांत वाढ झाली. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर, १९१८ च्या अखेरीस, आइन्स्टाइन यांनी क्लाइन यांना पत्र लिहून नोएथर यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला जाणे अन्यायाचे असल्याचे कळवले. अखेर १९१९ मध्ये त्यांना तो अधिकार मिळाला. निबंध म्हणून त्यांनी सममितीवरील हेच काम सादर केले होते. १९२२ मध्ये त्यांना प्राध्यापक ही उपाधी मिळाली, पण तिला वेतन नव्हते. पुढे बीजगणिताच्या अध्यापनासाठी त्यांना अल्पसे मानधन सुरू झाले. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांना विद्यापीठाकडून एकही पैसा मिळालेला नव्हता.

यानंतर त्या भौतिकशास्त्राकडे परतल्या नाहीत. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने वलय या बैजिक रचनेचा अभ्यास नव्या पायावर उभा केला. संख्या, बहुपदी आणि फलने यांच्या जुन्या प्रश्नांमागे समान नियम असतात. ते नियम गृहीतकांच्या रूपाने मांडले, तर एकदा दिलेली सिद्धता सर्वत्र उपयोगी पडते. ज्या वलयांत एकात एक सामावलेल्या आदर्शांची चढती साखळी कोठेतरी थांबतेच, त्यांना आज नोएथरीय वलये म्हणतात. आकृतींच्या संस्थितिविज्ञानात केवळ संख्या मोजण्याऐवजी गटांचा विचार करावा, ही सूचनाही त्यांची. पाव्हेल अलेक्सान्द्रोव्ह आणि हाइन्झ होप्फ यांच्या कामावर तिचा प्रभाव पडला.

त्यांच्याभोवती तरुण गणितज्ञांचा एक मेळा जमला आणि तो नोएथरची मुले म्हणून ओळखला जाई. त्यांचे अध्यापन नीटनेटके नसे. सिद्धता फळ्यावरच आकार घेत असे आणि नवख्या विद्यार्थ्याला ती अवघड जाई. जे टिकून राहत त्यांना मात्र त्या आपल्या कल्पना मुक्तहस्ताने देत, त्या कल्पनांचे श्रेय कोणाला मिळते याची फिकीर न करता. डच गणितज्ञ बी. एल. व्हान डेर वेर्डेन १९२४ मध्ये ग्योटिंगेनला आले. त्यांनी नोएथर आणि एमिल आर्टिन यांच्या व्याख्यानांवर आधारलेला बीजगणितावरील दोन खंडांचा ग्रंथ १९३०-३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे ही पद्धत जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली. १९२८-२९ च्या हिवाळ्यात नोएथर यांनी मॉस्को येथे अध्यापन केले. १९३२ मध्ये त्यांना आर्टिन यांच्यासमवेत गणितातील आकरमान-टॉयब्नर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी झुरिक येथील आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषदेत त्यांनी प्रमुख व्याख्यानांपैकी एक दिले.

निर्वासन आणि मृत्यू

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये झालेल्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या अप्रिय व्यक्तींना सरकारी सेवेतून दूर करण्याचा मार्ग मोकळा केला. ग्योटिंगेनमध्ये प्रथम ज्यांना अध्यापनास मनाई झाली, त्यांत नोएथर होत्या. हेल्मुट हासे यांनी त्यांच्यासाठी अनेक गणितज्ञांची शिफारसपत्रे गोळा केली, पण त्यांचा उपयोग झाला नाही. अधिकार मिळवण्यासाठी नोएथर यांना चार वर्षे झगडावे लागले होते. तो काढून घ्यायला एक आदेश पुरला. त्यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी बोलावून चर्चा चालू ठेवली. एक विद्यार्थी नाझी दलाच्या गणवेशात आला, तेव्हाही त्या विचलित झाल्या नाहीत.

१९३३ च्या अखेरीस त्या अमेरिकेतील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात रुजू झाल्या. त्यांच्या नेमणुकीला रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य होते. तेथील गणित विभागाच्या प्रमुख ॲना पेल व्हीलर या स्वतः ग्योटिंगेनमध्ये शिकलेल्या होत्या. सभोवती गणित शिकणाऱ्या स्त्रिया असण्याचा अनुभव नोएथर यांना प्रथमच मिळाला. १९३४ पासून त्या प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेतही व्याख्याने देऊ लागल्या.

एप्रिल १९३५ मध्ये त्यांच्या ओटीपोटात गाठ आढळली. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती सुधारते आहे असे वाटत असतानाच त्यांचा ताप एकाएकी वाढला आणि १४ एप्रिल रोजी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आइन्स्टाइन यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून त्यांच्या कार्याचा गौरव केला. हेर्मान व्हाइल यांनी ब्रिन मॉर येथे श्रद्धांजलीपर व्याख्यान दिले. त्यांच्या अस्थी त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील ओवरीच्या फरसबंदीखाली ठेवलेल्या आहेत. बंधू फ्रिट्झ यांनी सोव्हिएत संघात आश्रय घेतला होता. तेथे १९४१ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

वारसा

नोएथर यांची प्रमेये भौतिकशास्त्रज्ञांच्या नित्याच्या वापरात यायला बराच काळ लागला. १९५१ मध्ये ई. एल. हिल यांनी लिहिलेल्या लेखामुळे पहिल्या प्रमेयाचे सोपे रूप अनेकांपर्यंत पोहोचले. दुसरे प्रमेय त्यानंतरही दीर्घकाळ उपेक्षित राहिले. पुढे मूलकणांच्या अभ्यासात सममिती हीच प्रमुख मार्गदर्शक ठरली. इलेक्ट्रॉनचे वर्णन करणाऱ्या क्षेत्राची कला सर्वत्र सारखीच बदलली तरी नियम बदलत नाहीत. या सममितीतून विद्युतभाराची अक्षय्यता येते. हीच सममिती ठिकठिकाणी वेगळ्या प्रमाणात वापरता यावी असा आग्रह धरला, की विद्युतचुंबकीय क्षेत्राची गरज आपोआप निर्माण होते. याच विचाराचा विस्तार १९५४ मध्ये यांग आणि मिल्स यांनी केला. मूलकणांचा आजचा प्रमाण सिद्धांत त्या विस्तारावर उभा आहे.

चंद्राच्या पलीकडील बाजूस असलेल्या एका विवराला आणि ७००१ क्रमांकाच्या लघुग्रहाला नोएथर यांचे नाव देण्यात आले आहे. भारतातील विद्यापीठांतही भौतिकशास्त्राचा विद्यार्थी अभिजात यामिकी शिकताना सममिती आणि अक्षय्यता यांच्या नात्यापाशी येऊन पोहोचतो. तोपर्यंत पाठ केलेले अनेक नियम तेथे एका ओळीच्या सिद्धतेत एकत्र येतात. ती ओळ लिहिणाऱ्या व्यक्तीचे नाव ग्योटिंगेनच्या वेळापत्रकात तेव्हा साहाय्यक म्हणून छापले जात होते.